ग्रॅव्हल सायकलची चेन वारंवार उतरते? सिंगलची डबल करण्यापूर्वी हे तपासून पाहा

लक्षणे

पुढे एकच चेनरिंग, म्हणजे पॅडलजवळचे दातेरी चाक, असलेल्या ग्रॅव्हल (कच्च्या रस्त्यांसाठीच्या) सायकलींच्या ज्या तक्रारी माझ्यापर्यंत येतात, त्या फिरून फिरून चारच असतात. सर्वांत जास्त वेळा ऐकू येणारी तक्रार अशी, की खडबडीत उतारावर पॅडल मारणे थांबवलेले असताना चेन पुढच्या चेनरिंगवरून उतरते आणि उतार संपल्यावर पाय लावावा तर तो मोकळाच फिरतो. दुसऱ्या तक्रारीत चेन उतरत नाही, पण कच्च्या रस्त्यावर ती चेनस्टेवर, म्हणजे मागच्या चाकाकडे जाणाऱ्या खालच्या नळीवर, सतत आपटत राहते. तिसरी तक्रार चढावरची असते: मागे सर्वांत मोठ्या चक्रीवर चेन असताना करकर ऐकू येते, आणि पॅडल उलटे फिरवले की चेन आपोआप लहान चक्रीवर घसरते. चौथी तक्रार खरे तर सायकलची नसून पायांची असते. चढावर गिअर संपून जातात, किंवा सपाट डांबरी रस्त्यावर दोन गिअरांच्या मधला एखादा गिअर असायला हवा होता असे वाटत राहते.

या चारही तक्रारी घेऊन येणारा माणूस शेवटी एकच प्रश्न विचारतो, की सिंगल, म्हणजे पुढे एकच चेनरिंग, घेऊन चूक झाली का आणि आता डबल, म्हणजे दोन, बसवून घ्यावे का. आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये रविवारी दुपारी मित्रांच्या आणि मित्रांच्या मित्रांच्या सायकली दुरुस्त करता करता माझे मत असे झाले आहे, की पहिल्या तीन तक्रारींचा या प्रश्नाशी जवळपास काही संबंध नसतो आणि चौथीचा असतो, पण तोही लोक समजतात त्या कारणाने नव्हे.

यामागचे कारण चेनरिंगच्या दात्यांमध्ये आहे. डबलमधील दोन्ही चेनरिंग चेन सहज सोडता यावी अशा बेताने घडवलेल्या असतात, कारण एकीवरून दुसरीवर चेन जाणे हेच त्यांचे काम असते. म्हणून त्यांचे काही दाते मुद्दाम आखूड ठेवलेले असतात आणि मोठ्या चेनरिंगच्या आतल्या अंगाला चेन उचलून घेणाऱ्या खुंट्या असतात. सिंगल चेनरिंगचे काम याच्या नेमके उलट असते. तिच्यावर एक दाता जाड आणि एक बारीक अशी आळीपाळीची रचना असते. चेनच्या बाहेरच्या कडीत जागा जास्त असते, तिथे जाड दाता बसतो. आतल्या कडीत जागा कमी असते, तिथे बारीक दाता बसतो, आणि चेन दोन्ही बाजूंनी पकडून ठेवली जाते. स्रॅम या सायकलचे भाग बनवणाऱ्या कंपनीने २०१२ साली एक्सएक्स१ हा माउंटन बाइकचा संच याच रचनेवर बाजारात आणला आणि तिथून ती ग्रॅव्हल सायकलींपर्यंत पोहोचली. तेव्हा चेन उतरते म्हणून सिंगलची डबल करणे म्हणजे चेन पकडून ठेवणारी चेनरिंग काढून चेन सोडणारी बसवणे होय. सिंगलवरून चेन उतरत असेल, तर ही पकड कशाने तरी सुटली आहे एवढाच त्याचा अर्थ. ती कशाने सुटली हे पुढील क्रमाने शोधावे.

काहीही खर्च न करता करायची तपासणी

सर्वप्रथम मागच्या डिरेल्युअरचा, म्हणजे चेन एका चक्रीवरून दुसरीवर नेणाऱ्या यंत्रणेचा, क्लच पाहावा. शिमानो कंपनीच्या जीआरएक्स या ग्रॅव्हल संचात सिंगल असो वा डबल, मागच्या डिरेल्युअरवर बहुधा एक छोटी खटकी असते. ती चालू स्थितीत असली की डिरेल्युअरचा खालचा पिंजरा पुढे ढकलायला घर्षणाचा अडथळा होतो आणि चेनचा खालचा पदर उसळत नाही. चाक काढताना ही खटकी बंद केली जाते आणि पंक्चर काढून घाईने चाक बसवताना ती पुन्हा चालू करायची राहून जाते. पिंजरा हाताने पुढे ढकलून पाहावा. तो सहज आणि मऊपणे पुढे गेला तर क्लच बंद आहे. चांगला जोर लावावा लागला तर चालू आहे. स्रॅमच्या यांत्रिक डिरेल्युअरवर अशी खटकी नसते, कारण त्यांचा क्लच कायम चालू असतो, आणि पिंजऱ्यावरचे कुलपाचे चिन्ह असलेले बटण केवळ चाक काढताना पिंजरा अडकवून ठेवण्यासाठी असते. माझ्याकडे आलेल्या पहिल्या प्रकारच्या तक्रारींपैकी बऱ्याच याच पायरीवर मिटल्या आहेत, आणि दर वेळी सायकलचा मालक थोडा ओशाळला आहे. खटकी चालू असूनही पिंजरा सैल वाटत असेल, तर क्लचचे घर्षण कमी झाले आहे. काही मॉडेलांत आवरण उघडून ते वाढवता येते, पण ते काम त्या मॉडेलचे माहितीपत्रक समोर ठेवूनच करावे.

यानंतर चेन चेनरिंगवर नीट बसली आहे का ते पाहावे. रस्त्यात चेन उतरते, आपण काळ्या हातांनी ती कशीबशी परत चढवतो आणि पुढे निघतो. अशा वेळी पुष्कळदा जाड दाता आतल्या अरुंद कडीत जातो. चेन मग दात्याच्या माथ्यावर तरंगत राहते, पॅडलच्या प्रत्येक फेऱ्यात कट्कट् आवाज येतो आणि पुढच्याच खड्ड्यात ती पुन्हा उतरते. मी एकदा पाबे घाटाच्या उतारावर एकाच सकाळी तीनदा चेन चढवली आणि तिसऱ्या वेळी खाली वाकून दाते नीट पाहिल्यावर कळले, की पहिल्या वेळेनंतरचा दोष माझाच होता. चेन एक कडी पुढे सरकवली आणि घरापर्यंत ती उतरली नाही.

तिसरी फुकट तपासणी फारसे कोणी करत नाही. मागचे चाक जमिनीपासून उचलून पॅडल जोरात फिरवावे, मग पॅडल थांबवून चाक फिरू द्यावे आणि चेनचा वरचा पदर पाहावा. तो ताणलेला राहिला तर ठीक. तो लोंबू लागला किंवा चाकासोबत कॅसेटही (मागच्या चक्र्यांचा संच) पुढे ओढली जाऊ लागली, तर फ्रीहब, म्हणजे पाय थांबवल्यावरही चाक फिरू देणारा भाग, जड झाला आहे. उतारावर पाय थांबवल्यावर असा फ्रीहब वरचा पदर ढिला करून चेनरिंगवर लोटतो आणि चेन उतरते. पावसाळ्यानंतर हा दोष जास्त आढळतो, कारण बेअरिंगमध्ये पाणी आणि बारीक माती शिरलेली असते. लोक अशा वेळी नवी चेनरिंग विकत घेतात आणि दोष मागच्या चाकात तसाच राहतो.

थोड्या खर्चात करायची तपासणी

चेन स्वच्छ करून तिची एकेक कडी वाकवून पाहावी. पानशेत-वेल्ह्याकडच्या कच्च्या रस्त्यांवर पावसात फिरून आलेल्या सायकलीच्या चेनवर माती आणि तेलाचा जो राब तयार होतो, तो वाळला की एखादी कडी आखडते आणि डिरेल्युअरच्या चाकांतून जाताना उडी मारते. चेन हाताने उलटी फिरवत खालच्या चाकाकडे पाहिले की आखडलेली कडी ठळक दिसते. तिथे तेल सोडून कडी दोन्ही बाजूंना हलकेच वाकवली की बहुधा काम होते. चेन धुऊन पुसल्यावर प्रत्येक रोलरवर एक थेंब तेल पुरे. वरून ओतलेले जास्तीचे तेल पुढच्या फेरीत धूळ गोळा करण्यापलीकडे काही करत नाही.

त्यानंतर चेनची झीज मोजावी. चेन मोजण्याचा गेज स्वस्त मिळतो, पण तो नसेल तर इंचांच्या खुणा असलेली पोलादी पट्टी पुरते. चेन ताणलेली असताना एका पिनच्या मध्यावर शून्य ठेवावे. नव्या चेनमध्ये बारा इंचांच्या खुणेवर बरोबर दुसऱ्या एका पिनचा मध्य येतो. तो मध्य एक सोळांश इंच पुढे गेला असेल, तर चेन सुमारे अर्धा टक्का वाढली आहे, आणि ११ किंवा १२ गिअरांच्या संचासाठी ती बदलण्याची वेळ झाली आहे. सिंगलमध्ये हे जास्त महत्त्वाचे आहे, कारण झिजलेली चेन केवळ लांबीने वाढत नाही तर आडवीही जास्त लवचीक होते, आणि जाड-बारीक दात्यांची सारी पकड आडव्या अंगाला चेन न हलण्यावरच टिकून असते. शिवाय डबलमध्ये दोन चेनरिंगांत वाटली जाणारी झीज इथे एकीलाच सोसावी लागते.

चेनरिंगचीही पाहणी याच बैठकीत करावी. दाते एका बाजूने खरवडून टोकदार झाले असतील आणि जाड दाते व बारीक दाते यांतला फरक नजरेला जाणवत नसेल, तर ती बदलावी. चेनरिंगचे बोल्ट ॲलन कीने तपासावेत. एखादा सैल बोल्ट असेल तर चेनरिंग जोर लावताना किंचित डुलते आणि चढावर करकर आवाज येतो, ज्याचे खापर मग डिरेल्युअरवर फोडले जाते.

चेनची लांबी हा यापुढचा मुद्दा. विकत घेताना सायकलची चेन बरोबर असते, पण मालक नंतर मोठी कॅसेट किंवा लहान चेनरिंग बसवतो आणि चेन तीच ठेवतो. मागे सर्वांत लहान चक्रीवर चेन ठेवून पाहावे: खालचा पदर लोंबत असेल आणि पिंजऱ्याने मागे जायची सगळी जागा वापरलेली असेल, तर चेन लांब आहे. मग सर्वांत मोठ्या चक्रीवर, हळूहळू आणि हाताने पॅडल फिरवत जावे. पिंजरा जवळपास सरळ ताणला गेला तर चेन आखूड आहे, आणि हा दोष लांब चेनपेक्षा कितीतरी घातक आहे, कारण चढावर तो डिरेल्युअर मोडू शकतो. चेनरिंग चार दात्यांनी लहान केली, तर साधारणपणे चेनची एक आतली आणि एक बाहेरची अशा दोन कड्या कमी कराव्या लागतात. नेमकी लांबी ठरवण्याची रीत मात्र प्रत्येक डिरेल्युअरची वेगळी असते, म्हणून कडी तोडण्यापूर्वी त्याचे पत्रक वाचावे.

तिसऱ्या लक्षणाविषयी इथेच सांगून टाकतो. सर्वांत मोठ्या चक्रीवर असताना पॅडल उलटे फिरवल्यावर चेन घसरणे, हे रुंद कॅसेटच्या सिंगल संचात काही प्रमाणात होणारच. एकच चेनरिंग कॅसेटच्या साधारण मध्यासमोर उभी असते आणि टोकाच्या चक्रीवर चेन बरीच तिरकी जाते. पुढे पॅडल मारताना त्रास नसेल, तर त्यासाठी पैसे घालवू नयेत.

वरील सर्व ठीक असूनही चेन उतरत असेल, तर सीट ट्यूबला पट्ट्याने बसणारा छोटा चेन गाइड लावावा. तो प्रभावी आहे, पण मी तो मुद्दाम शेवटी ठेवला आहे. जड फ्रीहब किंवा झिजलेली चेन तशीच ठेवून गाइड लावला, तर चेन उतरणे थांबते आणि मूळ दोष लपून वाढत राहतो.

डबल असलेल्यांसाठी थोडक्यात

डबलवर चेन उतरते ती बहुधा मोठ्या चेनरिंगवरून लहानीवर येताना, आतल्या बाजूला, आणि तीही चढ सुरू झाल्यावर पायावर पूर्ण जोर असताना. गिअर बदलण्याआधी क्षणभर जोर कमी करणे हा यावरचा पहिला आणि बिनखर्ची उपाय आहे. त्यानंतर पुढच्या डिरेल्युअरचा पिंजरा मोठ्या चेनरिंगच्या दात्यांपासून एक ते तीन मिलिमीटर वर आहे ना आणि चेनरिंगला समांतर आहे ना ते पाहावे, आणि मग आतल्या मर्यादेचा स्क्रू एका वेळी पाव फेरा याप्रमाणे फिरवावा. आतल्या बाजूला लावायचा चेन कॅचर स्वस्त असतो आणि कार्बन फ्रेमवर तर तो असायलाच हवा.

इथे थांबावे आणि जाणकाराकडे जावे

मागून पाहिल्यावर डिरेल्युअरचा पिंजरा चक्रीच्या रेषेत नसून आत किंवा बाहेर कललेला दिसत असेल, तर हँगर, म्हणजे डिरेल्युअर फ्रेमला जोडणारा तुकडा, वाकला आहे. सायकल उजव्या अंगावर पडली किंवा गाडीच्या डिकीत दाबली गेली तरी हे होते. केबलचा ताण आणि मर्यादेचे स्क्रू फिरवून यावर मात करण्याचा प्रयत्न करू नये. एखादा गिअर जमतो, बाकीचे बिघडतात, आणि चेन किंवा डिरेल्युअर स्पोकमध्ये गेला तर चाकासकट नुकसान होते. हँगर सरळ करायला मागच्या चाकाच्या कडेशी अंतर मोजणारी खास दांडी लागते, आणि ॲल्युमिनियमचा हँगर पुन्हापुन्हा वाकवला तर तुटतो. फ्रेमगणिक हँगरचा आकार बहुधा वेगळा असल्यामुळे आपल्या सायकलचा एक जादा हँगर आधीच मागवून सीटखालच्या पिशवीत ठेवावा. तुटल्यावर शोधायला निघाल्यास तो मिळेपर्यंत कित्येक आठवडे सायकल उभी राहू शकते.

उतरलेली चेन चेनरिंग आणि कार्बनच्या चेनस्टेमध्ये अडकली, तर पॅडलवर जोर देऊन ती ओढून काढू नये. क्रँक मागे फिरवून, गरज पडल्यास क्विक लिंक (चेनची उघडता येणारी जोडकडी) उघडून चेन मोकळी करावी. नंतर त्या जागेवरून नख फिरवावे. वरच्या रंगाला चरा गेला असेल तर ठीक. नख अडकत असेल, धागे दिसत असतील, किंवा नाण्याने हलकेच टकटक केल्यावर शेजारच्या जागेपेक्षा बद्द आवाज येत असेल, तर ती सायकल कार्बनची दुरुस्ती करणाऱ्याला दाखवेपर्यंत चालवू नये. क्रँक धरून आडवी हलवल्यावर खळखळ जाणवली, तर बॉटम ब्रॅकेटचे, म्हणजे क्रँक ज्यावर फिरते त्या बेअरिंगचे, काम निघाले आहे. त्यातही प्रेस-फिट (फ्रेममध्ये दाबून बसवलेल्या) प्रकारात हातोडीने घरी प्रयोग करणाऱ्यांच्या फ्रेम मी पाहिल्या आहेत, आणि ते दृश्य चांगले नसते. जड झालेला फ्रीहबही ज्याच्याकडे त्या हबची हत्यारे आहेत त्याच्याकडेच उघडावा.

आता चौथी तक्रार, म्हणजे सिंगल की डबल

चेन जागेवर राहू लागल्यावरच हा प्रश्न विचारात घ्यावा, आणि तो अंदाजाने न सोडवता दाते मोजून सोडवावा. पुढचे दाते भागिले मागचे दाते इतकाच हिशेब आहे. पुढे ४० आणि मागे ११-४२ (सर्वांत लहान चक्री ११ दात्यांची, सर्वांत मोठी ४२ ची) असलेल्या सायकलीचा सर्वांत हलका गिअर ०.९५ येतो. जीआरएक्सच्या ४६/३० डबलवर ११-३४ कॅसेट असेल तर तो ०.८८ येतो. ४० मिलिमीटरच्या टायरवर, मिनिटाला ६० फेरे या मंद गतीने चढताना पहिल्याचा वेग ताशी साधारण साडेसात किलोमीटर होतो आणि दुसऱ्याचा सात. ज्या फरकासाठी लोक डबल बसवायला निघतात, तो चढावर एवढाच असतो. तेवढा फरक पुढची ४० काढून ३८ बसवल्यानेही बराचसा भरून निघतो. तिचा हलका गिअर ०.९० येतो, आणि मिनिटाला ९० फेऱ्यांना वरचा वेग तरीही ताशी ४१ किलोमीटरच्या आसपास राहतो. आपल्या क्रँकवर किती लहान चेनरिंग बसू शकते, हे बोल्टांमधील अंतरावरून आधी पाहून घ्यावे. मागे १०-४५ किंवा १०-५१ कॅसेट असलेले नवे १२ गिअरांचे सिंगल संच तर हलक्या गिअरच्या बाबतीत डबलच्या बरोबरीला किंवा पुढे जातात. मात्र शिमानोच्या या कॅसेटना मायक्रो स्प्लाइन जातीचा फ्रीहब लागतो आणि तो जुन्या चाकात बसेलच असे नाही.

डबलचा खरा फायदा दोन गिअरांमधल्या अंतराचा आहे. ११ गिअरांच्या ११-४२ कॅसेटमध्ये २१ दात्यांपर्यंतच्या चक्र्या ११-३४ सारख्याच असतात, पण त्यानंतर ११-४२ मध्ये २४, २८, ३२ अशा उड्या येतात तर ११-३४ मध्ये २३, २५, २७. एकीत २४ वरून २८ वर जाताना दात्यांची उडी जवळपास १७ टक्क्यांची असते. दुसरीत २३ वरून २५ वर जाताना ९ टक्क्यांहून कमी. एकट्याने, कच्च्या रस्त्यावर, चढ-उतार सतत बदलत असताना ही उडी जाणवतही नाही. चार-पाच जणांच्या घोळक्यात डांबरी रस्त्यावर तासन्‌तास एका लयीत जायचे असेल, तर मात्र एक गिअर जड आणि पुढचा हलका असे होऊन गुडघे कुरकुरू लागतात. दोनशे-तीनशे किलोमीटरच्या ब्रेव्हे (ठरलेल्या वेळेत पूर्ण करायच्या लांब पल्ल्याच्या सायकल फेऱ्या) करणाऱ्यांना, आणि एकाच सायकलीवर आठवडाभर डांबर आणि रविवारी घाट करणाऱ्यांना, मी डबलच सुचवतो.

तरीही आहे त्या सिंगलची डबल करणे हे बहुधा तोट्याचे असते. क्रँक, पुढचा डिरेल्युअर, डावीकडचा गिअर बदलणारा शिफ्टर, केबल, अनेकदा मागचा डिरेल्युअर आणि कॅसेट, एवढे सगळे बदलावे लागते. जीआरएक्सचा पुढचा डिरेल्युअर जीआरएक्सच्याच क्रँकबरोबर चालतो, कारण त्या क्रँकची चेनची रेषा रोड बाइकच्या क्रँकपेक्षा अडीच मिलिमीटर बाहेर आहे. काही फ्रेमवर पुढचा डिरेल्युअर बसवायला जागाच नसते. हे सर्व भाग वेगवेगळे घेण्याऐवजी आहे ती सायकल विकून डबलची घेणे कित्येकदा स्वस्त पडते.

मागच्या दिवाळीच्या सुमारास एक गृहस्थ याच हिशेबाचा कागद घेऊन आले होते. एका दुकानाने त्यांना पूर्ण संच बदलण्याचा खर्च लिहून दिला होता. त्यांची चेन झिजलेली होती, क्लच बंद होता आणि पुढे ४२ ची चेनरिंग होती. नवी चेन, ३८ ची चेनरिंग आणि दोन कड्या कमी, एवढे करून ते सिंहगडाच्या पायथ्यापासून वरपर्यंत एकदाही न उतरता गेले. पुढे फेब्रुवारीत ते पुन्हा आले, तेव्हा तक्रार चेनची नव्हती. त्यांनी आता ब्रेव्हे सुरू केल्या होत्या आणि २४ व २८ च्या मधला गिअर त्यांना हवा होता. त्या दिवशी मी त्यांना सायकल विकायचा सल्ला दिला.